बरणीतली शांतता

कात्री हे काही तिचं खरं नाव नव्हतं, पण त्या बातम्यांच्या चॅनेलमध्ये तिला खऱ्या नावाने हाक मारली असती तर तिने मागे वळूनही बघितलं नसतं. माणूस तासभर बोलला तरी त्यातलं अर्धं मिनिट ठेवायचं आणि बाकीचं फेकून द्यायचं, हे तिचं काम. ते ती इतक्या सफाईने करायची की ज्याचं बोलणं कापलंय तोसुद्धा टीव्हीवर स्वतःला बघून खूश व्हायचा. काय नेमकं बोललो मी, असं चार लोकांना सांगत सुटायचा.

तिची खोली म्हणजे खिडकी नसलेला एक खोका. भिंतींना राखाडी स्पंज, समोर दोन पडदे, टेबलावर कपांचे गोल डाग. मधे प्लायवूडचं पार्टिशन आणि त्याच्या पलीकडे खेळाच्या बातम्या कापणारा एक धिप्पाड गडी. त्याला सगळे खेळवाला म्हणत. तोंडाला कुलूप म्हणून नाही. जेवतानाही बोलायचा, आणि कात्रीला त्याचा कंटाळा यायचा तसा आधारही वाटायचा.

आता शांततेची भानगड काय, ते बाहेरच्या माणसाला जरा समजावून सांगावं लागतं. कुठेही चित्रीकरण झालं की शेवटी रेकॉर्डिस्ट सगळ्यांना गप्प बसवतो आणि अर्धं मिनिट नुसती जागा रेकॉर्ड करतो. कुणी खोकायचं नाही, खुर्ची हलवायची नाही. कारण रिकामी खोलीसुद्धा मुकी नसते. पंखा असतो, लांबची वाहतूक असते, भिंतींचा म्हणून एक आवाज असतो. बोलण्यातला शब्द कापला की तिथे खड्डा पडतो, आणि डोळ्याला दिसला नाही तरी कानाला तो बरोबर लागतो. मग त्या खड्ड्यात त्याच जागेची शांतता भरून तो बुजवायचा. ज्या जागेचं बोलणं, त्याच जागेची शांतता, हा नियम.

पण नियम पाळायला वेळ लागतो, आणि बातम्यांच्या धंद्यात वेळ कुणाच्या बापाकडे असतो? कात्रीकडे शांततेची एक जुनी फाइल होती. लांबलचक आणि स्वच्छ. ना पंखा, ना गाडी, ना कुत्रं. कुठेही घाला, चिकटून बसायची. कात्रीने तिचं नाव 'बरणी' ठेवलं होतं आणि मंत्र्याच्या मुलाखतीपासून साबणाच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे ती त्याच बरणीत हात घालायची. हळूहळू खेळवाल्याने मागून घेतली, मग हवामानवाल्या बाईने, मग स्टुडिओवाल्यांनी. निवेदिकेच्या मागे एसीची घरघर ऐकू येते म्हणून त्यांनी तिच्या बोलण्याखाली कायमची हीच शांतता अंथरून टाकली. थोडक्यात, त्या चॅनेलवर जिथे जिथे कुणी श्वास घ्यायला थांबत होतं, तिथे तिथे कात्रीच्या बरणीतली शांतता होती. ही शांतता मुळात कुठली, हे एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नाही. तिनेही नाही.

त्या दिवशी दुपारी सर आले. सर म्हणजे वृत्तसंपादक. बोलताना दुसऱ्याच्या खुर्चीची पाठ धरून ती हलवायची त्यांना सवय, त्यामुळे त्यांच्याशी बोलणारा माणूस आपोआप मान डोलवतोय असं वाटायचं.

"आठचा खास कार्यक्रम तू कापायचास," सर म्हणाले. "'अंधारातली पोरं'. गोदामाची आग."

वस्तीला लागून असलेलं एक गोदाम आदल्या दिवशी जळलं होतं. कशाने ते अजून कुणालाच माहीत नव्हतं. पण चॅनेलला माहीत होतं. वस्तीजवळ काहीही झालं की चॅनेलला ते लगेच माहीत होत असे, आणि त्याचा साचाही तयार असे. आधी पळणारे पाय, संथ करून. मग पाठमोरी पोरं. मग कोपऱ्यात पेटलेली एक विडी. आणि या सगळ्याखाली पोटात खड्डा पाडणारी एक घरघर. ते पळणारे पाय कात्रीनेच कधीतरी कापून ठेवले होते. पोरं तेव्हा पाण्याचा टँकर आला म्हणून पळत होती. ती आता बापही झाली असतील, पण टीव्हीवर अजून पळतच होती.

"या वेळी नवीन माल आहे," सर म्हणाले आणि त्यांनी स्वतःच कळ दाबली.

पडद्यावर एक अंगण उघडलं. दोरीवरचे कपडे, सिमेंटचा ओटा, रंगाचे रिकामे डबे उलटे घालून बसलेल्या दोन मुली आणि तीन मुलं. मधे उभा राहून एक काटकुळा पोरगा गात होता. दोन्ही हात हवेत, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर असं हसू की बघणाऱ्याला उगीचच बरं वाटावं.

तुम्ही म्हणता, आम्ही पळतो,
कामावर उशीर झालाय, साहेब.
तुम्ही म्हणता, आम्ही लपतो,
गल्लीतला दिवा गेलाय, साहेब.
तुम्ही म्हणता, आम्ही सारं जाळू,
सांगा, काय जाळू, साहेब?
भिंत भाड्याची, बल्ब उसना,
पायातली चप्पल भावाची, साहेब.

तो कात्रीचा धाकटा भाऊ होता.

ऑफिसात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने नोकरीच्या पहिल्याच दिवशी घर विचारणाऱ्याला पुलापलीकडे म्हणून सांगितलं होतं, आणि पुढे खरोखरच पुलापलीकडे एक खोली घेऊन ते खरं करून टाकलं होतं. आई आणि धाकटा वस्तीतच राहिले. महिन्यातून दोनदा ती जायची, अंधार पडायच्या आत परतायची. ताकास तूर लागू दिली नव्हती तिने.

"गाणं सगळं काढ," सर म्हणाले. "फक्त हे ठेव. 'आम्ही सारं जाळू.' तेवढंच."

"सर, पण पुढची ओळ..."

"अगं, पुढची घेतली की मागची घ्यावी लागते. मग सगळं गाणंच आलं. आणि एकदा गाणं ऐकलं की लोकांना पोरं आवडायला लागतात. मग कार्यक्रम कसला करू, वाढदिवसाचा?"

कात्री हसली. सर विनोद करतात तेव्हा हसायचं ही तिची सवय होती, आणि ती सवय त्या क्षणीही मोडली नाही याची तिला स्वतःचीच किळस आली.

"पोलीस अधिकारी स्टुडिओत येणारेत," सर खुर्ची हलवत म्हणाले. "हे वाक्य ऐकवायचं आणि विचारायचं, आता काय करणार? त्यांची गाडी वस्तीच्या तोंडाशी उभीच आहे. उचलतील लगेच. आपण थेट दाखवू."

इथे तिने तोंड उघडलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती, आणि बरं झालं असतं. पण ती मूग गिळून बसली. सर गेले.

तिने कापायला घेतलं. हात सरावाचे होते. अंगण ठेवलं, चेहरा ठेवला, तीन शब्द ठेवले. बाकी गाणं काढून टाकलं आणि त्या जागी बरणीतली शांतता घातली. वरून पळणारे पाय टाकले. स्वतःची समजूतही घालून झाली, की आपण नाही केलं तर दुसरं कुणीतरी करेल, निदान आपण धाकट्याचा चेहरा जरा अंधारात तरी ठेवू. मग कानाला हेडफोन लावून पहिल्यापासून चालवून बघितलं.

आम्ही सारं जाळू, असं धाकटा म्हणाला. मग शांतता आली, आणि त्या शांततेत कुणीतरी टिचकी वाजवली.

टक. टक टक. टक.

काहीतरी मागे राहिलं असेल म्हणून तिने तो तुकडा पुसला, बरणीतून नवा घेतला, पुन्हा चालवलं. टिचकी होतीच. नुसती होती असं नाही, मघाशी जिथे थांबली होती तिथून ती पुढे चालली होती. कात्रीने पडद्यावर बघितलं. आवाज असला की तिथे रेघ उंचसखल होते. ही रेघ सपाट होती. तिने आवाजाची दांडी खाली ओढली, अगदी तळापर्यंत. धाकटा मुका झाला. घरघर थांबली. टिचकी चालू राहिली, आणि तिच्या तालावर कुणीतरी अगदी जवळ, ओठ मिटून, गुणगुणायला लागलं.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि पार्टिशनवर थाप मारली.

खेळवाला आला, खुर्चीत मावला नाही म्हणून वाकून उभा राहिला आणि एक कान हेडफोनला लावला. "काय ऐकू? काहीच नाहीये... हां. आहे. कुणीतरी गुणगुणतंय. तुझं गाणं मागे राहिलंय, बाई."

"रेघ बघ."

त्याने रेघ बघितली. "मशीन बिघडलंय," असं म्हणून तो घाईघाईने आपल्या जागेवर गेला. थोड्या वेळाने पार्टिशनपलीकडून त्याचा आवाज आला, त्याच्या देहाला न शोभणारा, बारीक.

"कात्री, माझ्या कोचच्या मुलाखतीत पण आहे. तो श्वास घेतो ना, तिथे."

"काय आहे?"

"तेच गाणं. आता शब्दपण आहेत. 'गल्लीतला दिवा गेलाय, साहेब.' मी ही मुलाखत सकाळी कापलीय गं. सकाळी काही नव्हतं."

"तू शांतता कुठून घेतली होतीस?"

"तुझ्याचकडून. सगळ्यांनी तुझ्याचकडून तर घेतलीय."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. धाकटा. ती जिन्याखालच्या कोपऱ्यात जाऊन बोलली.

"ताई, आठला ना आमचं? नक्की ना?" त्याच्या मागे भांड्यांचा, खुर्च्या ओढण्याचा, बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. "आईने टीव्ही अंगणात काढलाय. सगळी गल्ली जमणारे. आई म्हणतेय तू आलीस तर तुझ्यासाठी खुर्ची धरून ठेवते."

"मला काम आहे रे."

"माहितेय. गंमत सांगू? कॅमेरावाले आले तेव्हा आमची पोरं नाहीच म्हणत होती. म्हणे चॅनेलवाल्यांना गाणं दिलं की ते आपल्यालाच गुंड करून दाखवतात. मी म्हटलं, ए, तिथे माझी ताई आहे. तिच्या हातून गेल्याशिवाय काही दिसत नाही. तेव्हा कुठे तयार झाली."

कात्रीने विचारलं, "गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी आहे का रे?"

"आहे की. दुपारपासून आहे. बहुतेक आगीचं बघायला आलेत. आम्ही चहा नेऊन दिला त्यांना." तो हसला. "ठेवतो. आठला!"

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि तोही पाठच्या भावाचा. हे तिला कळत होतं. कळून ती जिना उतरून तळघरात गेली, कारण काहीतरी करण्यापेक्षा काहीतरी विचारणं सोपं असतं.

तळघरात रेकॉर्डिस्टकाका वायरी गुंडाळत बसले होते. माणूस मितभाषी. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकत आल्यावर माणूस तसा होतच असेल.

"काका, बरणी... म्हणजे ती माझ्याकडची लांब शांतता, ती तुम्हीच घेतली होती ना? कुठली ती?"

काकांनी वायर खाली ठेवली. "तुला माहीत नाही? वस्तीतली. मागची अंगणं आहेत ना, तिथली."

"शक्यच नाही. तिथे कधी शांतता असते का?" ती बोलून गेली आणि चपापली. पण काकांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"नसतेच. मीही तेव्हा चकित झालो. तो स्पीकरवाला पोरगा मेला होता बघ, त्याची बातमी करायला गेलो होतो. आम्ही पोचलो तेव्हा त्याला घेऊन गेले होते. म्हाताऱ्या, पोरं, सगळेच त्याच्या मागे गेलेले. दारं उघडी, आत कुणी नाही. नळसुद्धा बंद. मी म्हटलं, अशी शांतता पुन्हा मिळायची नाही. म्हणून अर्ध्या मिनिटाच्या जागी चांगली लांबलचक घेतली." त्यांनी वायर पुन्हा उचलली. "घेताना बरं वाटत नव्हतं, खरं सांगतो. कुणीतरी मागे उभं राहून आपल्या संपण्याची वाट बघतंय असं वाटत होतं. एकदा वळूनही बघितलं मी."

स्पीकरवाला पोरगा म्हणजे मास्तर. धाकट्याचा जिवलग मित्र. प्रत्येकाची गाण्यातली चूक काढायचा म्हणून मास्तर. तिच्या घरी जेवायचा, तिला ताई म्हणायचा, जेवता जेवता ताटाच्या कडेवर नखाने टिचक्या मारायचा आणि आईची बोलणी खायचा. वस्तीतल्या पोरांनी वर्गणी काढून जुना स्पीकर घेतला, तो खांद्यावर टाकून मास्तर येत होता. कुणीतरी चोर म्हणून ओरडलं. असा पोरगा, असा स्पीकर, दुसरं काय असणार? दहा-पंधरा जण मागे लागले. तो पळाला आणि ट्रकखाली आला.

ती बातमी कात्रीने कापली होती. दुकानदार सांगत होता की स्पीकर त्याचाच होता हो, मी स्वतः विकला, पण बातमीत तेवढी जागा नव्हती. दुकानदार गेला आणि 'चोरी करून पळताना तरुणाचा मृत्यू' एवढं राहिलं. सगळी गल्ली मास्तरमागून चालत गेली, त्या दिवशी ती या खोक्यात बसून ते करत होती. आणि त्या खड्ड्यांमध्ये तिने शांतता भरली होती, त्याच दिवशी आलेली, नवी कोरी, कुठली ते न बघता.

ती वर आली. हेडफोन कानाला लावायची तिची छाती होत नव्हती, तरी लावले. आता गुणगुणणं नव्हतं. मास्तरचा आवाज स्वच्छ येत होता, किंचित नाकातला, प्रत्येक ओळीच्या शेवटी जरा उचललेला. तो धाकट्याचं गाणं गात होता. धाकट्याने ते यंदा रचलं होतं. मास्तरला जाऊन तिसरं वर्ष चाललं होतं. आणि धाकट्याचं गाणं जिथे संपत होतं तिथे हा थांबला नाही.

तुम्ही म्हणता, स्पीकर चोरला,
खांद्यावर माझाच होता, साहेब.
तुम्ही म्हणता, पळत सुटलो,
थांबलो असतो तर ऐकलं असतं, साहेब?

कात्रीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. ती रडत होती, आणि रडण्याचा आवाज पार्टिशनपलीकडे जाऊ नये याचीही काळजी घेत होती.

वेळ अजून होता. मूळ चित्रीकरण समोरच होतं. धाकट्याचं गाणं उचलून परत जागेवर ठेवायला तिच्यासारखीला कितीसा वेळ लागणार? पण मग सर विचारतील का ठेवलंस. मग भाऊ सांगावा लागेल, वस्ती सांगावी लागेल, पुलापलीकडची खोली जाईल, नोकरी जाईल. ती कळेवर बोट ठेवून बसली, आणि तेव्हा तिच्या मनात एक विचार आला. आयुष्यात इतका हलका विचार तिने कधी केला नव्हता. मास्तर गातोयच की, असं तिला वाटलं. गाणं तर जातंच आहे लोकांपर्यंत. मग मी कशाला मधे पडू?

"झालं का?" सर दारातून म्हणाले.

"झालं, सर."

सरांनी कार्यक्रम बघितला तो आवाज बंद करून, एक डोळा हातातल्या फोनवर ठेवून. ते नेहमी तसाच बघत. "छान," ते म्हणाले.

आठ वाजता ती प्रक्षेपणाच्या खोलीत मागे भिंतीला टेकून उभी होती. काचेपलीकडे स्टुडिओ. निवेदिका ताठ बसलेली, शेजारी पोलीस अधिकारी, मिशा विंचरलेले. 'अंधारातली पोरं' सुरू झालं. पळणारे पाय. पाठमोरी पोरं. घरघर. मग अंगण, आणि धाकट्याचा अर्धा काळोखातला चेहरा.

आम्ही सारं जाळू.

आणि मग शांतता, आणि शांततेत टिचकी.

खोलीतल्या तंत्रज्ञाने मान वर केली. "हे काय?"

सांगा, काय जाळू, साहेब, असं मास्तरने विचारलं. तुकडा संपला आणि पडद्यावर निवेदिका आली.

"ऐकलंत आपण," ती म्हणाली आणि सवयीने क्षणभर थांबली. त्या क्षणात, तिच्या मागून, कुणीतरी म्हणालं, भिंत भाड्याची. ती दचकली. "ऐकलंत आपण या तरुणांची भाषा, ही भाषा कुठून येते..." तिने श्वास घेतला. बल्ब उसना. निवेदिकेने झटकन मागे वळून बघितलं. मागे शहराच्या रात्रीचं चित्र होतं, दुसरं काही नव्हतं.

मग तिच्या लक्षात आलं की आपण थांबलो की ते येतं. हुशार बाई होती. तिने थांबायचंच सोडलं. ती बोलत सुटली, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, आग, वस्ती, गुन्हेगारी, आकडे, पालकांची जबाबदारी, आणि पुन्हा आग. चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा टरारल्या, वाक्याला वाक्य लागेना, तरी ती बोलत होती, कारण तोंड मिटायची तिला भीती वाटत होती. प्रक्षेपणाच्या खोलीत कुणीतरी चुकून हसलं आणि लगेच गप्प झालं. शेवटी तिचा श्वास संपला. ती दोन्ही हात टेबलावर टेकून नुसती बसली, तोंड उघडं, आणि मास्तरने पहिल्या ओळीपासून गायला सुरुवात केली.

"जाहिरात लावा!" सर ओरडले. जाहिरात लागली. साबण चेहऱ्यावर फिरवून बाईने सुखाचा सुस्कारा सोडला, आणि सुस्काऱ्यानंतरच्या जागेत, कामावर उशीर झालाय, साहेब. "बंद करा सगळं! आवाज तोडा!" तंत्रज्ञाने सगळ्या दांड्या खाली ओढल्या. एकूण एक रेघ सपाट झाली. गाणं चालूच राहिलं. तंत्रज्ञाने हात मांडीवर ठेवले आणि तो ऐकत बसला.

काचेपलीकडे पोलीस अधिकारी मान तिरकी करून ऐकत होते. चप्पल भावाची इथवर आल्यावर ते निवेदिकेला म्हणाले, "हे वाक्य असं आहे होय? मला तर तीनच शब्द सांगितले होते." मग स्पीकरच्या ओळी आल्या. थांबलो असतो तर ऐकलं असतं, साहेब, हे मास्तरने दोनदा विचारलं. अधिकाऱ्यांनी खिशातून फोन काढला, हळू आवाजात कुणाशी तरी बोलले आणि छातीवरचा छोटा माइक काढून टेबलावर ठेवून निघून गेले.

गाणं आपलं आपण संपलं. त्यानंतरची शांतता नुसतीच शांतता होती. सर कुणावर तरी ओरडायला लागले, कुणी मशीनला, कुणी वायरींना दोष देऊ लागलं. कात्री बाहेर पडली आणि जिन्याखालच्या त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. तिला मोकळं वाटत होतं. सगळं निभावलं होतं, आणि तिला बोटही उचलावं लागलं नव्हतं.

फोन वाजला.

"ताई," धाकट्याचा आवाज भरून आला होता. "मास्तर होता गं. सगळ्यांनी ओळखला. त्याची आई टीव्हीला हात लावून बसलीय, उठतच नाहीये. पोलिसांची गाडी पण गेली. ताई, तुझ्या इथे त्याचं जुनं रेकॉर्डिंग होतं का? पण नवीन गाणं त्याला... नाही, मला काही कळत नाहीये."

"मलाही नाही कळत," ती म्हणाली. हे खरं होतं.

मग त्याने विचारलं, रागाने नाही, खरोखर समजून घ्यायचं असल्यासारखं, "पण ताई, माझा आवाज कुठे होता?"

कात्री फोन घट्ट धरून उभी राहिली. फोनमध्ये आता काहीच नव्हतं. त्याच्याकडचा वारा, तिच्याकडचा जिना, बस. तिने कान देऊन ऐकलं. टिचकी येते का बघितलं. गुणगुणणं येतं का बघितलं. मघाशी मास्तरने सगळ्या शहरापुढे धाकट्याची बाजू मांडली होती. तिचीही कुणी मांडेल अशी वेडी आशा तिला वाटून गेली. पण कुणी काही म्हणालं नाही. या शांततेत तिच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

"मी कापला," ती म्हणाली.

आणि मग ती थांबलीच नाही.

"तुझं गाणं मी कापलं. ते तीन शब्द मी ठेवले. गाडी उभी आहे हे माहीत असून ठेवले. आणि मास्तरची बातमी... त्याला चोर केला ती बातमीसुद्धा मीच कापली होती, बाळा. दुकानदार खरं सांगत होता. मी तो काढला."

मागे अंगणातला कालवा ऐकू येत होता. आई कुणाला तरी विचारत होती, कोण आहे रे फोनवर, ताई आहे का, तिला म्हणावं जेवायला ये.

धाकटा श्वास घेत होता, तेवढं तिला ऐकू येत होतं. त्याने फोन ठेवला नाही, आणि तो काही बोललाही नाही. ती वाट बघत उभी राहिली.